निळी पूररेषा आणि गावकुसाबाहेरची वस्ती

दरवर्षी १ जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने भीमेच्या काठी, पेरणे फाट्यावर विजयस्तंभाला मानवंदना द्यायला येतो. तेव्हा नदीचं पात्र बारीक झालेलं असतं. पावसाळ्यात हीच नदी कशी दिसते आणि ती खाली कुणाच्या दारात जाते, हे पाहायला आपल्यातले फार थोडे लोक थांबतात. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. पुढे कोरेगाव भीमा ओलांडून नदी शिरूर तालुक्यातून जाते, रांजणगाव सांडसजवळ पुण्याचं सगळं पाणी आणि सगळी घाण घेऊन मुळा-मुठा येते, त्याखाली घोड नदी येते, आणि मग दौंड शहराला वळसा घालून हे सगळं उजनीच्या फुगवट्यात शिरतं. म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी, पवना, चासकमान, भामा आसखेड यांचे दरवाजे उघडले की त्या पाण्याचा हिशोब शेवटी दौंडमध्ये लागतो. पावसाळ्यात रोजच्या बातमीत 'दौंडमधून उजनीत इतके हजार क्युसेक' असं वाक्य असतं. सोलापूरकर ते आनंदाने वाचतात, कारण त्यांचं धरण भरत असतं. ते पाणी दौंडमधून जाताना कुणाच्या चुलीवरून गेलं, हे मात्र त्या आकड्यात नसतं.

दौंडला नदी मोजण्याचं केंद्र आहे ते केंद्रीय जल आयोगाचं. या आयोगाचं मूळ १९४५ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोगात आहे, आणि तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात त्या खात्याची जबाबदारी बाबासाहेबांकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्याच काळातली. नदी हे संकट नाही, ती नीट वापरली तर संपत्ती आहे, ही त्यांची भूमिका होती. आम्ही हे मिरवण्यासाठी सांगत नाही. ज्या माणसाने देशाच्या पाण्याच्या नियोजनाचा पाया घातला, त्याच्या नावाने वसलेली नगरं आज पुराच्या नकाशात कुठे आहेत, एवढंच विचारायचं आहे.

आधी नकाशा समजून घेऊ. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ साली परिपत्रक काढून नदीकाठाचे दोन पट्टे ठरवले. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, तिथे बांधकाम नको. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र, तिथे अटी घालून परवानगी. कागदावर यात चूक काढण्यासारखं काही नाही. पुरात माणूस मरू नये म्हणून रेषा हवीच. आमचा आक्षेप रेषेवर नाही. ती कुणी आखली, कुणाला विचारून आखली आणि आखल्यावर आतल्या माणसाचं काय केलं, यावर आहे. निळा रंग आपला असला तरी या निळ्या रेषेवर आपली सही कुठेच नाही.

शिरूर-दौंडच्या कुठल्याही नदीकाठच्या गावात जा. मूळ गावठाण उंचवट्यावर, पांढरीवर. देऊळ, चावडी, पाटलाचा वाडा सगळ्यात वर. उतारावर येत जाल तसतशी जात उतरत जाते. गावाचं सांडपाणी जिकडे जातं तिकडे पूर्वीचा महारवाडा, आजचं भीमनगर, आणि त्याच्याही खाली, कधी थेट नदीच्या थडीला, पारध्यांची पालं, भिल्लांच्या आणि कातकऱ्यांच्या झोपड्या. मेलेली ढोरं ओढण्याच्या बदल्यात मिळालेला हाडकी हाडोळाही बहुतेक ठिकाणी ओढ्याकाठचाच. ही रचना कुणा पाटबंधारे अभियंत्याने केलेली नाही, ती मनुस्मृतीच्या अभियंत्यांनी केली. आता शंभर-दोनशे वर्षांनी दुसरा अभियंता येतो, पातळी मोजतो, निळी रेघ ओढतो आणि म्हणतो, 'तुमची वस्ती निषिद्ध क्षेत्रात आहे.' आम्हाला तिथे बसवलं कुणी, हा प्रश्न त्याच्या नकाशात बसत नाही.

ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी हीच रेषा किती लवचीक होते पाहा. राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीनुसार नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करता येतं, फक्त जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर उंच ठेवायचं. म्हणजे मुरूम टाका, भराव करा, उंच व्हा. पुणे-अहिल्यानगर रस्त्याच्या आणि पुणे-सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं, प्लॉटिंग, मंगल कार्यालयं वाढताना आपण पाहतोच आहोत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीने तालुक्याचं रूप बदललं, त्याचा फायदा आपल्याही काही पोरांना झाला, तेही खोटं नाही. पण एकाने भराव केला की पाणी नाहीसं होत नाही, ते शेजाऱ्याकडे सरकतं. ज्याला भराव परवडत नाही तो शेजारी कोण असतो, हे सांगायला नको.

भराव फक्त बिल्डरच करतो असंही नाही. दलित वस्ती सुधार योजनेचा निधी येतो. त्यातून काय होतं? वस्तीत सिमेंटचा रस्ता. तीन-चार वर्षांनी त्यावर आणखी एक थर. रस्ता वीतभर वर, घराचा उंबरठा वीतभर खाली. गटार करायचं तर उतार बघावा लागतो, मोजमाप लागतं. रस्त्याला फक्त ठेकेदार लागतो. मग श्रावणातल्या साध्या सरीलाही पाणी रस्त्यावरून घरात. आमच्याच निधीतून आमच्याच घरात पाणी आणण्याची ही सोय आहे, आणि तिच्या उद्घाटनाला आम्हीच हार घेऊन उभे असतो. हे आपल्याच कार्यकर्त्यांना बोचेल, पण लिहिलं पाहिजे.

आता वाढीच्या नकाशाकडे येऊ. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ साली झालं. शिरूर आणि दौंडचा मोठा भाग त्यात आला. २०२१ साली प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला, त्यावर साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. सुटलो, असं अनेकांना वाटलं. आम्हाला तसं वाटत नाही. कारण त्या हरकतींत कुणाचा आवाज होता? माझ्या गटावर रस्ता का, माझ्या जमिनीवर हरित पट्टा का, शेजाऱ्याला निवासी आणि मला शेती का. हे प्रश्न जमीनवाल्यांचे, आणि त्यांच्या जागी ते रास्तही असतील. पण ज्याच्या नावावर गट नंबरच नाही, तो हरकत कशावर घेणार? भूमिहीनाचं घर त्या नकाशात एक पांढरा ठिपकाही नव्हतं. आता नवा आराखडा होईल तेव्हा हीच चूक पुन्हा होणार, जर आपण आत्ता तोंड उघडलं नाही तर.

ड्रोनने गावठाणं मोजली, त्याचा तरी उपयोग व्हावा? ही मोजणी सुरुवातीला आपल्याच जिल्ह्यात, पुरंदरच्या सोनोरीत करून पाहिली गेली, आणि मग स्वामित्व योजना म्हणून देशभर गेली. पण योजनेचा विषय गावठाण आहे. गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानावर, थडीवर राहणाऱ्याला त्यातून सनद मिळत नाही. ड्रोन त्याच्या पत्र्यावरूनही उडालं असेल, कागद मात्र पत्र्यापर्यंत उतरला नाही.

शिवाय पूररेषा नद्यांची असते. २०२५च्या मे महिन्याच्या शेवटी बारामती, दौंड, इंदापुरात जे झालं ते आठवा. जूनही उजाडला नव्हता. महामार्गावर पाणी, शेतं खरवडलेली, बारामतीत नीरा डावा कालवा फुटला. ते पाणी बहुतांशी भीमेचं नव्हतंच. ते ओढ्यानाल्यांचं, कालव्याचं, मुजलेल्या चाऱ्यांचं होतं. ओढे बुजवून प्लॉट पाडले, महामार्गाखालच्या मोऱ्या अपुऱ्या राहिल्या, आणि पाण्याने जुनी वाट शोधली. अशा ओढ्यांना ना निळी रेषा, ना लाल. त्यांची वाट फक्त म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे, आणि त्यांना विचारायला कुणी येत नाही. वर पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचं सुशोभीकरण चाललं आहे. शहरात नदीला बांध घालून आवळलं तर तिचा वेग आणि उंची खाली काय होईल, याचं उत्तर रांजणगाव सांडस आणि दौंडच्या ग्रामपंचायतींना देणं पुण्याला बंधनकारक का नसावं?

पूर ओसरल्यावरचा हिशोब तर उघड आहे. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत सपाट प्रदेशातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, आणि झोपडी गेली तर ८ हजार रुपये. जमीन खरवडून गेली तर हेक्टरी ४७ हजार, पण ती सातबारावाल्याला. ज्याची मजुरी महिनाभर बुडाली, कारण ज्या शेतात तो राबायचा ते शेतच वाहून गेलं, त्याचा हिशोब कोण करतो? पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा पहिला प्रश्न घराच्या उताऱ्याचा.

यावर नेहमीचं उत्तर असतं, 'मग वस्ती हलवा.' चालेल. आम्ही थडीला चिकटून बसण्याचा हट्ट धरलेला नाही. पण हलवणार कुठे? गावाची उंच, कोरडी, पाणी न चढणारी जमीन म्हणजे बहुतेक ठिकाणी गायरान, माळरान. आणि गायरानाचं काय चाललं आहे? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत कंपन्यांच्या सौर प्रकल्पांसाठी ते नाममात्र एक रुपया भाड्याने देता येतं. भूमिहीन तिथे चार पत्रे ठोकतो तेव्हा मात्र तो अतिक्रमणदार. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या घरांना नोटिसा गेल्या, लाखो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लोक तुरुंगात गेले, त्यातून पडीक आणि गायरान जमिनींचा प्रश्न सरकारच्या टेबलावर आला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये निघाला. त्याची किती प्रकरणं अजून तहसील कचेरीच्या कपाटात आहेत, ते प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने एकदा माहिती अधिकारात विचारून पाहावं. थोडक्यात खाली राहायचं तर पूररेषा आडवी येते, वर जायचं तर गायरानाचा कायदा.

वतनाच्या जमिनींचंही तेच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतनं संपली, जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. शहर जवळ आलं की या शर्तीच्या जमिनींवर कुणाची नजर जाते, हे २०२५च्या नोव्हेंबरात मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीवरून सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मुंढव्याचीच मुळा-मुठा पुढे दौंडकडे येते, आणि जमिनीचा भावही नदीबरोबर खाली येतो आहे.

मग करायचं काय? आम्ही म्हणतो, हा प्रश्न ग्रामसभेत न्या. यावर आपलेच मित्र हसतील. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याबद्दल काय म्हटलं ते आम्हाला विचारतील. ते आम्ही विसरलेलो नाही. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला होता, कारण पंचायतीत कोण बसतं हे त्यांना माहीत होतं. आजही वाळूचा ठेका, उसाची टोळी, सोसायटीचं कर्ज आणि ग्रामपंचायतीची खुर्ची एकाच वाड्यात असते. आरक्षित जागेवरचा सरपंच सही कुणाच्या सांगण्यावरून करतो, हेही गावाला ठाऊक असतं. ग्रामसभा आपली आहे असं आम्ही म्हणत नाही. पण प्राधिकरणाचं कार्यालय तर त्याहून आपलं नाही. ग्रामसभेत निदान आपली माणसं मोजता येतात.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत पहिलाच विषय नगर नियोजन आणि दुसरा जमिनीच्या वापराचं नियमन. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात जमीन सुधारणा आहे, जलव्यवस्थापन आहे, पण जमिनीच्या वापराचं नियमन नाही. म्हणजे शिरूर आणि दौंड नगरपरिषदेला जो विषय घटनेने दिला, तो नदीपलीकडच्या ग्रामपंचायतीला दिला नाही. वाढ मात्र गावांत होते आहे. ही पोकळी प्राधिकरण भरतं. महानगर नियोजन समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडलेले असावेत, असं घटनेचं कलम २४३ झेडई सांगतं. त्या दोन तृतीयांशात नदीकाठच्या दलित वस्तीतला एक तरी माणूस असावा, ही मागणी आपल्या संघटनांनी कधी केली?

तेव्हा ग्रामसभेची पुढची नोटीस लागेल तेव्हा तीन कामं आधी करा. ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहेच, त्याच धर्तीवर वस्तीची सभा घ्या, समाजमंदिरात, आणि तिचं इतिवृत्त लिहून ठेवा. म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन ओढ्याची जुनी वाट चाला, पाणी कुठवर आलं होतं तिथे विजेच्या खांबांवर, भिंतींवर चुन्याने खूण करा, फोटो काढा. सगळ्या घरांची यादी करा, उतारा असलेली आणि नसलेली दोन्ही. मग ग्रामसभेत लेखी मागा: आमच्या गावाच्या हद्दीतल्या पूररेषेचा नकाशा चावडीवर लावा, ओढ्यांचीही रेषा आखा, आणि रेषेच्या आतल्या प्रत्येक कुटुंबाला त्याच गावच्या गायरानात, उंचावर, नवराबायकोच्या दोघांच्या नावाने जागा मिळेपर्यंत एकाही घराला नोटीस देऊ नका. ठराव फेटाळला गेला तर कुणी फेटाळला ते नावानिशी इतिवृत्तात येऊ द्या, आणि त्याची प्रत गटविकास अधिकाऱ्याकडून, शिक्क्यासह, मागून घ्या.