विश्लेषण : वाघांसाठी गावे हलतात, पण ‘स्वेच्छा’ नेमकी कोणाची?

देशातील व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात अजूनही ५९१ गावे आणि ६४ हजार ८०१ कुटुंबे राहतात. ही गावे जंगलाबाहेर हलवण्याचे काम संथ असल्याची नाराजी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने (एनटीसीए) जून २०२४ मध्ये राज्यांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली आणि पुनर्वसनाचे वेळापत्रक मागितले. तेव्हापासून हा विषय पुन्हा तापला आहे. कायद्यानुसार हे पुनर्वसन पूर्णपणे ऐच्छिक आहे. मग वेळापत्रक कशाचे? आणि मेळघाटात पैसे घेऊन बाहेर पडलेली माणसे पुन्हा जंगलात का शिरली होती?

नेमके प्रकरण काय?

एनटीसीएने १९ जून २०२४ रोजी १९ राज्यांच्या वन विभागांना पत्र पाठवले. पत्रातील आकडेवारीनुसार व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात एकूण ८४८ गावे होती. त्यापैकी २५७ गावांतील २५ हजार ००७ कुटुंबांचे पुनर्वसन झाले आहे. उरलेल्या गावांचे काम प्राधान्याने हाती घ्यावे आणि त्याचा नियमित आढावा घ्यावा, असे राज्यांना सांगण्यात आले. आदिवासी संघटनांनी त्याला लगेच विरोध केला. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने या प्रकरणात लक्ष घातले. त्यानंतर केंद्रीय आदिवासी व्यवहार मंत्रालयानेही व्याघ्रप्रकल्पांतील वनहक्कांच्या तक्रारींसाठी यंत्रणा उभारण्यास राज्यांना सांगितले. म्हणजे एकाच केंद्र सरकारची दोन मंत्रालये या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहत आहेत.

गावे हलवावीच का लागतात?

वन विभागाचा युक्तिवाद वाघाच्या जीवशास्त्रावर उभा आहे. वाघिणीला पिल्ले वाढवण्यासाठी पुरेसे भक्ष्य आणि त्रासमुक्त जागा लागते. प्रजननक्षम २० वाघिणी आणि त्यांच्या आधारावर ८० ते १०० वाघ टिकायचे असतील, तर ८०० ते १२०० चौरस किलोमीटरचे मानवी वावर नसलेले क्षेत्र हवे, असा एनटीसीएचा निकष आहे. जंगलाच्या मधोमध गाव असले की गुरांची चराई, सरपण, वणवे, रस्ते आणि कुत्रे येतात. चितळ-सांबर कमी होतात आणि वाघ गुरांकडे वळतो. गुरे मारली गेली की विषप्रयोगाची भीती वाढते.

दुसरी बाजू गावकऱ्यांची आहे. जंगलातील गावांत पक्का रस्ता, वीज, दवाखाना, मोबाइलचे नेटवर्क यांची वानवा असते. रानडुकरे पीक खातात, गरोदर बाईला रात्री दवाखान्यात न्यायचे तर वाहन मिळत नाही. त्यामुळे बाहेर पडायची इच्छा असलेली गावेही आहेत, हे नाकारता येत नाही. वादाचा मुद्दा पुनर्वसन व्हावे की नाही एवढाच नाही. ते कोणत्या अटींवर आणि कोणत्या क्रमाने व्हावे, हा खरा मुद्दा आहे.

कायदा काय सांगतो?

व्याघ्रप्रकल्प योजना १ एप्रिल १९७३ रोजी नऊ अभयारण्यांपासून सुरू झाली. मेळघाट त्यापैकी एक. २००४-०५ मध्ये राजस्थानातील सरिस्का व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि सरकार हादरले. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमले गेले. त्यानंतर २००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन एनटीसीए अस्तित्वात आले.

याच दुरुस्तीतील कलम ३८ व्ही महत्त्वाचे आहे. त्यानुसार गाभा क्षेत्रातील लोकांना परस्परसंमत अटींवर, स्वेच्छेनेच हलवता येते. त्याआधी काही टप्पे सक्तीचे आहेत. वनहक्क मान्य करण्याची प्रक्रिया पूर्ण झालेली हवी. लोकांच्या वावरामुळे वाघांचे भरून न येणारे नुकसान होत आहे आणि सहअस्तित्वाचा दुसरा वाजवी पर्याय नाही, असा निष्कर्ष तज्ज्ञांशी सल्लामसलत करून काढलेला हवा. ग्रामसभेची आणि संबंधित व्यक्तींची पूर्ण माहितीवर आधारित संमती हवी. नव्या जागी जमीन आणि सुविधा तयार असायला हव्यात. त्याच वर्षीचा वनहक्क कायदाही हक्कांची पडताळणी संपेपर्यंत कोणालाही हटवू नये, असे सांगतो.

प्रत्यक्षात क्रम उलटा झाला. वनहक्क कायदा १ जानेवारी २००८ पासून लागू होणार होता. त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत अनेक राज्यांनी घाईघाईने गाभा क्षेत्रे अधिसूचित केली. पुढे मार्च २०१७ मध्ये एनटीसीएने गाभा क्षेत्रात वनहक्क देऊच नयेत, असा आदेश काढला. टीकेनंतर तो मार्च २०१८ मध्ये मागे घ्यावा लागला. मधले वर्ष दावेदारांच्या हातून गेलेच.

१५ लाखांत काय येते?

२००८ पूर्वी कुटुंबामागे एक लाख रुपये मिळत. २००८ मध्ये ही रक्कम १० लाख आणि २०२१ मध्ये १५ लाख झाली. घरातील १८ वर्षांवरील मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती हे स्वतंत्र ‘कुटुंब’ धरले जाते. पर्याय दोन आहेत. पहिल्यात सगळी रक्कम कुटुंबाला मिळते आणि पुढचे त्याने पाहायचे. दुसऱ्यात वन विभाग दोन हेक्टर जमीन, घर आणि गावाच्या सुविधा देऊन पुनर्वसन करतो.

आता थोडा हिशेब. १० लाखांच्या मूळ योजनेत दुसऱ्या पर्यायात शेतजमिनीसाठी ३५ टक्के, हक्कांच्या निपटाऱ्यासाठी ३० टक्के, घर आणि घरजागेसाठी २० टक्के, सामूहिक सुविधांसाठी १० टक्के आणि प्रोत्साहनपर ५ टक्के अशी विभागणी होती. म्हणजे दोन हेक्टर, अर्थात सुमारे पाच एकर जमिनीसाठी साडेतीन लाख. एकराला ७० हजार रुपये. हेच प्रमाण १५ लाखांना लावले, तर एकराला साधारण एक लाख पाच हजार येतात. विदर्भात या भावात पाण्याची सोय असलेली शेती शोधून दाखवणे कठीण आहे.

शिवाय १० लाखांचे १५ लाख व्हायला १३ वर्षे लागली. ही वाढ वर्षाला जेमतेम सव्वातीन टक्के पडते. त्या काळातील महागाई यापेक्षा बरीच जास्त होती. रक्कम वाढलेली दिसली, तरी तिची खरेदीशक्ती घटली.

मेळघाटात लोक परत का गेले?

सातपुड्याच्या रांगांतील मेळघाटचे गाभा क्षेत्र सुमारे १५०० चौरस किलोमीटर आहे आणि येथील बहुसंख्य रहिवासी कोरकू आदिवासी आहेत. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा आणि कुंड ही गावे बाहेर आली. त्यानंतर अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशा गावांची पाळी आली. त्यांना अकोला जिल्ह्यातील अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत वसवण्यात आले.

काही वर्षांतच तक्रारी सुरू झाल्या. कबूल केलेली शेतजमीन मिळाली नाही, हाताला काम नाही, आरोग्यसेवा अपुरी, आजारपणात माणसे दगावली, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. अनेक कुटुंबे निषेध म्हणून जुन्या गावांच्या जागी परतली. जानेवारी २०१९ मध्ये त्यांना बाहेर काढताना गावकरी आणि पोलीस-वनकर्मचारी यांच्यात मोठा संघर्ष झाला. दोन्हीकडचे लोक जखमी झाले.

यामागे फक्त पैशांचा प्रश्न नव्हता. जंगलातील कोरकू कुटुंबाचा संसार रोकड कमी आणि वस्तू जास्त, असा चालतो. मोह, तेंदूपत्ता, डिंक, रानभाज्या, मासे, सरपण आणि गुरांचा चारा जंगलातून मिळतो. सपाटीवर आल्यावर यातील प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते. शेती नसेल तर दुसऱ्याच्या कपाशी-सोयाबीनच्या शेतात मजुरी हाच मार्ग उरतो. बँकेतली रक्कम घर, आजारपण आणि लग्नकार्यात आटत जाते. १५ लाख हा आकडा मोठा वाटतो, पण जंगल दरवर्षी जे देत होते त्याची किंमत त्यात कोणी मोजलेली नसते.

आणखी एक कमी चर्चिला जाणारा मुद्दा आहे. धारणी आणि चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, तेथे ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. अकोट आणि तेल्हारा अनुसूचित क्षेत्रात नाहीत. त्यामुळे धारणी किंवा चिखलदऱ्यातील गाव तेथे हलले की त्याचे हे कवचही मागे राहते.

ताडोबाचा अनुभव काय?

ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पातून बोटेझरी, नवेगाव आणि जामणी ही गावे बाहेर गेली. जामणी आणि नवेगावच्या शेतांच्या जागी आज गवताची कुरणे आहेत. चितळ, रानगवे तेथे चरतात आणि त्यांच्या मागे वाघ येतात. मेळघाटातही रिकाम्या झालेल्या गावठाणांत वन विभागाने गवताळ कुरणे विकसित केली. मध्य प्रदेशातील सातपुडा व्याघ्रप्रकल्पात याच पद्धतीने मोकळ्या झालेल्या जागांत कान्हाहून आणलेले बारशिंगे सोडण्यात आले. वन्यजीवांना रिकाम्या जागेचा फायदा होतो, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

पण गावकऱ्यांना खटकते ती पुढची गोष्ट. एनटीसीएच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या २० टक्क्यांपर्यंत भागात पर्यटनाला परवानगी आहे. ज्या वाटेने बैलगाडी जायची ती बंद झाली आणि त्याच वाटेने पर्यटकांच्या जिप्सी फिरू लागल्या, तर ‘मानवी वावर नको’ हे कारण त्यांना पटवणे अवघड जाते.

‘स्वेच्छा’ कशी मोजायची?

कागदावर ग्रामसभेचा ठराव असतो, सह्या आणि अंगठे असतात. पण संमती देताना लोकांसमोर पर्याय काय होते, हे ठरावात दिसत नाही. रस्त्याला वन विभागाची परवानगी नाही, वीज येत नाही, चराईवर बंदी आहे, वनहक्काचा दावा प्रलंबित आहे आणि समोर १५ लाखांचा प्रस्ताव आहे. अशा वेळी दिलेला होकार कायद्याच्या भाषेत स्वेच्छा ठरतो. तो खरोखर मोकळ्या मनाचा आहे का, हे दावा आधी निकाली निघाला असेल तरच सांगता येते. हक्क मान्य झाल्यावर माणूस आपले काय आहे हे जाणून वाटाघाटी करतो. हक्क मान्य नसताना तो जे मिळेल ते घेतो.

कर्नाटकातील नागरहोळेचे उदाहरण ताजे आहे. मे २०२५ मध्ये जेनू कुरुबा समाजातील ५० हून अधिक कुटुंबे वनहक्काचा दावा सांगत जंगलातील आपल्या जुन्या वस्तीच्या जागी परतली.

गावे न हलवताही वाघ वाढतात का?

कर्नाटकातील बिळिगिरी रंगनाथस्वामी मंदिर व्याघ्रप्रकल्पात २०११ मध्ये सोलिगा आदिवासींचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. त्यानंतरच्या वर्षांत तेथील वाघांची संख्या घटली नाही, उलट वाढली. ‘सायन्स’ या नियतकालिकात जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, यादवेंद्रदेव झाला आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार भारतात वाघांचे क्षेत्र सुमारे दोन दशकांत ३० टक्क्यांनी वाढले. त्यातील सुमारे ४५ टक्के क्षेत्रात वाघांसोबत जवळपास सहा कोटी माणसे राहतात. मात्र हाच अभ्यास संरक्षित, माणसांचा वावर नसलेली क्षेत्रे वाघांच्या वाढीचे उगमस्थान असल्याचेही सांगतो. म्हणजे दोन्ही बाजूंना त्यातून हवे ते वाक्य उचलता येते.

महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ झाले. त्यातील बरेच वाघ संरक्षित क्षेत्राबाहेर, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत गावांच्या शिवारात फिरतात. त्यामुळे गाभ्यातून उठवून जंगलाच्या काठावर वसवलेले गाव वाघापासून सुटतेच असे नाही.

चांगले पुनर्वसन कसे असते, याचे उदाहरण म्हणून कर्नाटकातील भद्रा प्रकल्पाकडे बोट दाखवले जाते. तेथे २००२ च्या सुमारास चारशेहून अधिक कुटुंबांना सिंचनाची सोय असलेली जमीन आणि घरे मिळाली. तयारीला अनेक वर्षे लागली आणि जमीन आधी, स्थलांतर नंतर, हा क्रम पाळला गेला.

पुढे काय?

पैशांचे गणित जुळणे सोपे नाही. ६४ हजार ८०१ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख म्हणजे किमान ९७२० कोटी रुपये लागतील. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात वाघ आणि हत्ती प्रकल्पांसाठी मिळून तीनशे कोटींहूनही कमी तरतूद होती. उरलेला भार राज्यांवर आणि वनीकरण भरपाईच्या ‘कॅम्पा’ निधीवर येणार. वेगाचेही तसेच. १९७३ पासून धरले तर वर्षाला सरासरी पाच गावे हलली. याच वेगाने ५९१ गावांना शंभराहून अधिक वर्षे लागतील.

याचा सरळ अर्थ असा, की यातील बहुतेक कुटुंबे पुढची कित्येक वर्षे जंगलातच राहणार आहेत. ‘कधीतरी हलायचेच आहे’ या कारणाने त्यांचा रस्ता, शाळा आणि वनहक्काचा दावा अडवून ठेवला, तर दोन पिढ्या तशाच जातील. आदिवासी व्यवहार मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडलेल्या धोरण आराखड्यात पुनर्वसन हा अपवादात्मक, ऐच्छिक आणि पुराव्यावर आधारित उपाय असावा, असे म्हटले आहे. पुनर्वसनाचे स्वतंत्र लेखापरीक्षणही त्यात सुचवले आहे. ते प्रत्यक्षात आले, तर किती गावे हलली याबरोबरच हललेल्या कुटुंबाकडे पाच वर्षांनी सातबारा, काम आणि बँकेत शिल्लक आहे का, हेही दरवर्षी नोंदवावे लागेल. आजवर हिशेब फक्त पहिल्या आकड्याचा ठेवला गेला.