हार्ड डिस्क सारखी डिस्कनेक्ट होतेय? आधी केबल बघा!

केळापूर असो की पांढरकवडा, कृषी केंद्रापासून किराण्यापर्यंत कित्येकांचा हिशोब आता टॅलीत असतो आणि बॅकअप एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. ती कॉपी करताना मधेच गायब झाली की लोक थेट नवीन आणायला निघतात. माझं मत स्पष्ट आहे, हजारो रुपये घालवण्याआधी केबल बदलून बघा.

कारण साधं आहे. ही छोटी डिस्क वीज कॉम्प्युटरच्या पोर्टमधूनच घेते. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. चकती फिरायला लागते तेव्हा ओढ जास्त. त्यात केबल सैल, किंवा मधे स्वस्तातला हब! वीज कमी पडली की डिस्क सुटलीच. म्हणून डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

तरीही सुटते? टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा. आवाज नसेल तर महत्त्वाच्या फाईली आधी दुसरीकडे उतरवा. 'फॉरमॅट करू का?' असं विंडोज विचारेल, चुकूनही हो म्हणू नका.

जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. ते सगळं एकाच डिस्कच्या भरवशावर? मला नाही पटत बुवा. दुसरी कॉपी आजच काढा, आणि ती दुकानात नको, घरी ठेवा.