मायेचे कौतुक पुरे, कामाचे मोल द्या!

बारावी झालेल्या अक्कलकोटच्या मुलीने ‘मला दवाखान्यात तान्ह्या बाळांचं काम करायचंय’ म्हटले की घरचे खूश होतात. बाईला शोभणारे काम! हे ‘शोभणे’च आपल्या मुळावर आले आहे.

जन्मलेले बाळ रडले नाही, तर पहिल्या मिनिटात पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागतो. कमी वजनाच्या बाळाला ऊब द्यायची, दुधाचा मिलिलिटरमध्ये हिशोब ठेवायचा, काविळीवर प्रकाशोपचार करायचे. आपल्या सीमेवरच्या तालुक्यात हे सगळे बाळंतिणीला कानडीतही समजवायचे. याला नुसती माया पुरत नाही. हे शिकून येणारे कसब आहे. शिकायच्या वाटाही आहेत: एएनएम २ वर्षे, जीएनएम ३ वर्षे, बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षे, आणि त्यावर नवजात शुश्रूषेची १ वर्षाची पदविका.

पण शिकून पुढे काय? सरकारी रुग्णालयांतल्या नवजात काळजी कक्षांत राष्ट्रीय आरोग्य अभियानातून नेमलेल्या परिचारिकांच्या हाती ११ महिन्यांचा करार पडतो. जबाबदारी जिवाची, नोकरी मात्र हंगामी!

या हंगामीपणाचा अर्थ भंडाऱ्याने दाखवला. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळे गेली. चौकशीनंतर कायम नोकरीतल्यांचे निलंबन किंवा बदली झाली, कंत्राटी परिचारिकांची थेट सेवासमाप्ती. पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. हलगर्जीपणाची चौकशी व्हायलाच हवी. पण वायरिंग कुणी तपासायचे? आगीची यंत्रणा कुणी बसवायची? परिचारिकेने?

मार्च २०२४ मध्ये १० वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संप करावा लागला. कागदावर मिळालेला हक्कही बायांना रस्त्यावर उतरून मागावा लागतो.

मैत्रिणींनो, करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत मुलींना नुसती कोर्सची यादी वाटू नका. पगार किती, करार कसला, रात्रपाळीत एकीकडे किती बाळे, बढती कुठवर, हे प्रश्न विचारायला शिकवा. आणि आपण मिळून मागू या: नवजात कक्षात कायम पदे, तिथे तयार झालेल्या परिचारिकेची दुसऱ्या वॉर्डात बदली नको, पदविकेला वेतनवाढ.

बाळाला जगवणाऱ्या बाईला देवी म्हणू नका. तिला नेमणूकपत्र द्या!