बर्स्ट मोड म्हणजे अ‍ॅनिमेशन नव्हे!

बटण दाबून धरायचं, कॅमेरा धडाधड दहा फोटो काढणार, सॉफ्टवेअर त्यांचं जिफ बनवणार आणि आपण सांगत सुटणार, "अ‍ॅनिमेशन केलं"! अहो, हा तर तुकडे पाडलेला व्हिडिओ झाला. फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली ती फ्रेमगणिक काड्या सरकवून. तुम्हीही साधा डिजिटल कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, फोकस-एक्स्पोजर-व्हाइट बॅलन्स मॅन्युअल करा (ऑटोवर ठेवलंत तर चित्र लुकलुकणारच) आणि काडी थोडी-थोडी सरकवत फोटो काढा. बारा फोटोंचा एक सेकंद. जिफला फ्रेममागे २५६च रंग मिळतात, पण काडीला ते रग्गड. किती सरकवायची हे तुम्ही ठरवायचं, खरं अ‍ॅनिमेशन तिथेच आहे. शनिवारची दुपार जाते म्हणता? बाकीचे पाच दिवस दुसऱ्यांचे बग सोडवण्यात घालवताच की!