एका घोषणेपायी गमावलेला पक्ष

निवडणुकीतील पराभवाची मीमांसा करताना एक कारण सर्वांना सोयीचे वाटते, ते म्हणजे प्रतिपक्षाचा पैसा. अमेरिकेच्या १८९६ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी पुरोगामी वर्तुळांत हीच मीमांसा दीर्घकाळ रूढ झाली आहे. एका बाजूस विल्यम जेनिंग्ज ब्रायन हा छत्तीस वर्षांचा अमोघ वक्ता, दुसऱ्या बाजूस विल्यम मॅकिन्ली आणि त्यांच्या पाठीशी मार्क हॅना या उद्योगपतीने उघडलेली थैली. थैली जिंकली आणि लोकशक्ती हरली, असे हे चित्र आहे. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या वर्षी सर्वांत मोठी हानी ब्रायन यांची झाली नाही. त्यांना पुढे आणखी दोनदा उमेदवारी मिळाली. कायमचा संपला तो शेतकऱ्यांनी कष्टाने उभारलेला लोकपक्ष, म्हणजे पीपल्स पार्टी. आणि त्याचे मरण ३ नोव्हेंबरच्या मतदानात नव्हे, तर त्यापूर्वी सव्वातीन महिने, त्याच्याच अधिवेशनात ओढवले होते.

या पक्षाचा उगम समजून घेतल्यावाचून त्याच्या चुकीचे गांभीर्य ध्यानी येत नाही. १८७० नंतरच्या पाव शतकात गहू आणि कापूस यांचे भाव निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. कर्जाचा डॉलरमधील आकडा मात्र कायम राहिला. म्हणजेच तेवढेच कर्ज फेडण्यासाठी शेतकऱ्याला दुप्पट धान्य विकावे लागू लागले. दक्षिणेत उभे पीक दुकानदाराकडे तारण ठेवून वर्षभराची उधारी घ्यावी लागे आणि ती क्वचितच फिटे. पश्चिमेत रेल्वे कंपन्या मालवाहतुकीचे मनमानी दर आकारीत. यातून टेक्सासमध्ये ‘फार्मर्स अलायन्स’ ही संघटना उभी राहिली. तिने सहकारी खरेदी-विक्री केली, गावोगाव व्याख्याते पाठविले आणि सामान्य शेतकऱ्याला पतपुरवठा व चलन यांचे अर्थशास्त्र शिकविले. सहकार बँकांच्या असहकारामुळे कोसळला, तेव्हा राजकीय पक्षाची गरज पटली. ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथे लोकपक्षाने आपला जाहीरनामा मंजूर केला.

तो जाहीरनामा आजही वाचनीय आहे. रेल्वे व तारखात्याची सरकारी मालकी, चढत्या दराचा आयकर, टपाल खात्यातील बचत बँका, गोदामात ठेवलेल्या शेतमालाच्या तारणावर अल्प व्याजाने सरकारी कर्ज आणि दरडोई किमान ५० डॉलर इतके चलन सरकारने स्वतः प्रसृत करणे, अशा त्याच्या मागण्या होत्या. चांदीच्या अनिर्बंध नाण्यांची मागणीही त्यात होती, पण ती अनेकांपैकी एक होती. मूळ प्रश्न कोणत्या धातूचे नाणे पाडावे हा नव्हता. पैशावर सत्ता कोणाची, बँकांची की जनतेची, हा होता. त्या वर्षी पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून अधिक मते आणि २२ निर्वाचक मते मिळाली.

पुढच्याच वर्षी आर्थिक अरिष्ट कोसळले. त्याच्या कथेत हिंदुस्थानचाही भाग आहे. जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या आणि जगभर चांदीचा भाव गडगडला. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावून सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द करविला. पश्चिमेतील खाणमालकांचे कंबरडे मोडले. सोळा औंस चांदी बरोबर एक औंस सोने या प्रमाणात अनिर्बंध नाणी पाडावीत, या मागणीसाठी त्यांनी पैसा ओतला. बाजारात त्या वेळी हे प्रमाण तिसास एक असे होते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला ही घोषणा चटकन भावली, कारण ती सोपी होती. लोकपक्षाच्या नेत्यांनाही मोह पडला. समग्र कार्यक्रम समजावून सांगण्यास वर्षे लागतात. चांदीची घोषणा एका सभेत समजते.

जानेवारी १८९६ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीने आपले अधिवेशन दोन्ही जुन्या पक्षांच्या अधिवेशनांनंतर, जुलैअखेरीस घेण्याचे ठरविले. हिशेब असा होता की दोन्ही पक्ष सोन्याच्या बाजूने उभे राहतील, त्यांतील चांदीवादी फुटतील आणि लोकपक्षाच्या झेंड्याखाली येतील. रिपब्लिकन पक्षाबाबत हा हिशेब बरोबर ठरला. पण जुलैत शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने क्लीव्हलंड यांना झुगारून चांदीचा ठराव मंजूर केला आणि ‘सोन्याचा क्रूस’ या नावाने गाजलेल्या भाषणानंतर ब्रायन यांना उमेदवारी दिली. लोकपक्षाची एकमेव घोषणा प्रतिस्पर्ध्याने उचलली होती. आपली चाल दुसऱ्याच्या चालीवर सोपवून बसलेल्या पक्षाला आता स्वतःची चालच उरली नव्हती.

सेंट लुईसच्या अधिवेशनात रस्सीखेच झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार आर्थर सेवॉल हे बँक आणि रेल्वे यांच्याशी हितसंबंध असलेले जहाज-कारखानदार. ते गिळणे अशक्य झाल्याने प्रतिनिधींनी उपाध्यक्षपदासाठी जॉर्जियाचे टॉम वॉटसन यांना निवडले आणि अध्यक्षपदासाठी ब्रायन यांनाच स्वीकारले. डेमोक्रॅटिक पक्षाने सेवॉल यांना मागे घेतले नाही. एका अध्यक्षाच्या उमेदवारीला दोन उपाध्यक्ष, असा विचित्र प्रकार मतदारांपुढे आला. हेन्री डेमरेस्ट लॉइड यांनी चांदीच्या चळवळीला परक्या घरट्यात अंडे घालणाऱ्या पक्ष्याची उपमा दिली. कोकिळेची रीत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तिचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

विलीनीकरणवाद्यांची बाजू पोकळ नव्हती, हे येथे मान्य केले पाहिजे. स्वतंत्र उमेदवार उभा केला असता तर चांदीची मते फुटली असती आणि मॅकिन्ली यांना निवडून आणल्याचा दोष लोकपक्षाच्या माथी बसला असता. कान्सास-नेब्रास्कात डेमोक्रॅट दुर्बळ होते आणि त्यांच्याशी समझोता करूनच जागा मिळत होत्या. युजीन डेब्ज यांच्यासारखा रेल्वे कामगारांचा तुरुंगवास सोसलेला नेताही ब्रायन यांच्याच पाठीशी उभा राहिला. पण दक्षिणेतील स्थिती सर्वस्वी उलट होती. तेथे डेमोक्रॅटिक पक्ष हाच जमीनदार व दुकानदारांचा पक्ष होता. मतपेट्यांत गैरप्रकार करून आणि दहशत माजवून त्यानेच लोकपक्षाला हरविले होते. गोऱ्या आणि काळ्या गरीब शेतकऱ्यांचे हितसंबंध एक आहेत, असे सभांतून सांगण्याचे धाडस केलेल्या कार्यकर्त्याला आता त्याच पक्षाला मत द्या, असे सांगावे लागले. नेब्रास्कात जी तडजोड होती, ती जॉर्जियात शरणागती ठरली. राज्यनिहाय, अटी घालून समझोते करणे आणि राष्ट्रीय पातळीवर आपला जाहीरनामा व आपले अधिवेशन आधी मांडणे, हा मार्ग जानेवारीत मोकळा होता. जुलैत तो बंद झाला.

प्रचाराच्या पद्धतींतही हाच दोष दिसतो. ब्रायन यांनी आगगाडीने सुमारे १८,००० मैलांचा प्रवास करून सहाशेच्या आसपास भाषणे केली. मॅकिन्ली ओहायोतील कँटन येथील आपल्या घराच्या ओसरीवरून हलले नाहीत. रेल्वे कंपन्यांनी सवलतीच्या भाड्याने आणलेले साडेसात लाख लोक त्यांच्या दारी आले. हॅना यांनी सुमारे ३५ लाख डॉलर जमविले. बँकांवर भांडवलाच्या पाव टक्का अशी पट्टी बसविली. स्टँडर्ड ऑइलने एकट्याने अडीच लाख दिले. ब्रायन यांच्याकडे याचा लहानसा अंश होता. ब्रायन निवडून आले तर कारखाना उघडणार नाही, अशा धमक्या मालकांनी कामगारांना दिल्या. हा सारा लोकशाहीवरील बलात्कारच होता. पण त्या पैशाचे काय केले गेले, हेही पाहिले पाहिजे. चौदाशेच्या आसपास वक्ते नेमले गेले आणि स्थलांतरितांच्या अनेक भाषांतून कोट्यवधी पत्रके घरोघर पोचविली गेली. लोकशिक्षणाचे जे तंत्र फार्मर्स अलायन्सने घडविले होते, ते धनिकांनी उचलले. आणि ज्यांनी ते घडविले ते एका वक्त्याच्या कंठावर विसंबून राहिले.

शहरी कामगाराने पाठ फिरविली त्याचे कारण केवळ धमकीत शोधता येत नाही. चांदीमुळे भाव वाढतील, हे ब्रायन यांचे आश्वासन होते. भाववाढ कर्जदार शेतकऱ्याला तारक. पण ठराविक मजुरीवर जगणाऱ्या कामगाराला ती महाग भाकरी. आयकर, सरकारी रेल्वे आणि कामाचे कमी तास हे मुद्दे दोघांना एकत्र आणू शकले असते. चांदीच्या एकाकी घोषणेने त्यांना परस्परांविरुद्ध उभे केले. त्यातच हिंदुस्थानात १८९६ चा पाऊस फसला, गव्हाचे पीक बुडण्याची चिन्हे दिसू लागली आणि ऑक्टोबरात शिकागोच्या बाजारात गहू वधारला. चांदी आणि गहू यांचे भाव जोडीने चालतात, हा युक्तिवाद ऐन मोक्याच्या क्षणी कोसळला. ज्या दुष्काळाने दख्खनच्या रयतेला देशोधडीला लावले, त्याच दुष्काळाने आयोवाच्या शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे टाकले. जागतिक बाजारपेठेचा हा क्रूर न्याय होय.

मॅकिन्ली यांना सुमारे ७१ लाख, तर ब्रायन यांना ६५ लाख मते मिळाली. निर्वाचक मते २७१ विरुद्ध १७६. पूर्वीच्या कोणत्याही विजयी उमेदवाराहून ब्रायन यांची मते अधिक होती, पण उद्योगप्रधान राज्ये गेली. लोकपक्ष १९०० पर्यंत नाममात्र उरला. दक्षिणेत १८९८ साली विल्मिंग्टन येथे निवडून आलेले संयुक्त नगरशासन गोऱ्या सशस्त्र जमावाने उलथून टाकले आणि लवकरच कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला गेला. वॉटसन स्वतः पुढे उग्र वंशद्वेष्टे बनले. दक्षिण आफ्रिका आणि क्लोंडाइक येथील सोन्याने चलनपुरवठा वाढला व चांदीचा प्रश्न आपोआप विरला. याउलट, टाकून दिलेल्या ओमाहा जाहीरनाम्यातील टपाल बँका १९१० साली, तर आयकराची घटनादुरुस्ती १९१३ साली आली. मागण्या जगल्या, त्या मागणारी संघटना मात्र त्यांचे फळ नियंत्रित करण्यास उरली नव्हती. डेब्ज यांनी धडा घेतला. १९०० पासून ते समाजवादी म्हणून स्वतंत्र लढले आणि १९१२ साली त्यांना सुमारे नऊ लाख मते मिळाली.

१९७७ साली समाजवादी पक्ष जनता पक्षात विलीन झाला, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनाही परका राहिलेला नाही. आघाडी करणे हे पाप नव्हे. हुकूमशाही वा धनसत्ता दाराशी असता ते कर्तव्यही ठरते. परंतु आघाडीत जाताना आपला कार्यक्रम, आपले अभ्यासवर्ग आणि आपली सभासद-यादी ज्याच्या हाती राहते, तोच निवडणुकीनंतर पुन्हा उभा राहू शकतो. शेतकऱ्याला जे सांगायचे ते कामगारासमोर उच्चारता येत नसेल, तर ती घोषणा कितीही टाळ्या घेवो, ती समाजवाद्यांची घोषणा नव्हे. लोकपक्षाकडे निष्ठा होती, त्याग होता, विचारही होता. टाळ्यांच्या मोहात त्याने विचाराचा एक तुकडा उचलला आणि उरलेला सेंट लुईसच्या सभागृहात ठेवून तो बाहेर पडला.