मुदत टळून गेलेला अर्ज

कुमारवयातील प्रेम हा बहुधा लिहिणाऱ्याच्याच दप्तरात पडून राहिलेला आणि मुदत टळल्यावर हाती लागलेला अर्ज असतो. या असफल प्रकरणाला आमच्या भावगीतांनी जी प्रतिष्ठा दिली, तिच्याविषयी माझी तक्रार असलीच तर ती एवढीच, की पुष्कळशा गीतांत कैफियत एकट्या नायकाची असते आणि जिच्यासाठी तो झुरतो ती केवळ दूरस्थ, मूक चंद्रिका. मंगेश पाडगावकरांनी लिहिलेले, यशवंत देवांनी स्वरबद्ध केलेले आणि अरुण दाते यांनी गाइलेले ‘भातुकलीच्या खेळामधली’ मला म्हणूनच श्रेष्ठ वाटते: तेथे राणी स्वतः बोलते, आपल्या वाटा आता निराळ्या होणार हे सुचविते, आणि राजालाच ते उशिरा उमगते. दोष दैवाचा की त्याच्या मंद आकलनाचा, याचा निकाल कवी देत नाही. (मी राजाविरुद्ध दिला असता.) मॅट्रिकच्या वर्षी शेजारच्या बिऱ्हाडातील मुलीने माझी भूमितीची वही परत केली, तेव्हा तिच्यात प्राजक्ताची सहा फुले होती, ती झटकून मी प्रमेय सिद्ध करीत बसलो, आणि पानावर उरलेले केशरी डाग मला कित्येक दिवस हळदीचेच वाटत होते.