पोस्टाचा तोटा कुणाच्या खाती?

बेळगावजवळच्या एखाद्या खेड्यातून बंगळुरूच्या सरकारी कचेरीत अपील पाठवायचे असेल, तर माणूस ते 'रजिस्टर' करतो. साधे पाकीट पोचले की वाटेत राहिले, याचा पुरावा हातात राहत नाही. रजिस्टरची पावती तो पासबुकात घडी घालून वर्षानुवर्षे जपतो. वीस ग्रॅमपर्यंतचे असे पाकीट कालपरवापर्यंत २२ रुपयांत, जीएसटी धरून २५ रुपये ९६ पैशांत जात असे. २०२५मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट ही स्वतंत्र सेवा मोडून स्पीड पोस्टात विलीन केली. १ ऑक्टोबर २०२५पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे शहराबाहेर जाणाऱ्या ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टाला ४७ रुपये पडतात आणि ज्याच्या नावे पत्र त्याच्याच हाती द्यायचे असेल, तर नोंदणीचे आणखी ५ रुपये. जीएसटी मिळवला की ६१ रुपये ३६ पैसे. पत्र लवकर पोचते, ते कुठवर आले हे मोबाइलवर कळते, हे खरेच आहे. पण अपील करणाऱ्याला घाई नव्हती. त्याला पुरावा हवा होता आणि त्या पुराव्याचा दर दुपटीहून वर गेला.

याच खात्याचे पोस्टकार्ड मात्र अजून ५० पैशांना मिळते. एका कार्डामागे होणारा खर्च काही वर्षांपूर्वी, खात्याच्याच हिशेबाप्रमाणे, १२ रुपयांवर गेला होता. ५० पैशांचा आकडा दाखवून गरिबाची काळजी घेतल्याचे समाधान मिळत असेल, तर ते खोटे आहे. कार्ड लिहिणारे आता फार थोडे उरले, त्यामुळे तो दर गोठवून कुणाचे फारसे भले होत नाही. दूरचित्रवाणीच्या स्पर्धांसाठी कार्डांचे गठ्ठे येऊ लागले, तेव्हा खात्याने जास्त दराचे वेगळे स्पर्धा पोस्टकार्ड काढले. म्हणजे कोण वापरतो आणि कशासाठी वापरतो, हे पाहून दर ठरवणे खात्याला जमते. ज्या सेवांवाचून लोकांचे आजही अडते, तिथे हा विचार दिसत नाही, ही आमची तक्रार आहे.

पुस्तकांचेच पाहा. बंगळुरूतल्या मराठी घरांत छोट्या प्रकाशकांची पुस्तके वर्षानुवर्षे पोस्टानेच आली. सुतळीने बांधलेले पुडके, आत काय आहे ते पोस्टाला पाहता यावे म्हणून उघडी ठेवलेली बाजू आणि वर शाईने लिहिलेले 'बुकपोस्ट'. नोंदणी करून पाठवलेले एक किलोचे पुडके ३२ रुपयांत आणि पाच किलोचे ८० रुपयांत देशाच्या कुठल्याही टोकाला जात असे. १८ डिसेंबर २०२४ रोजी ही सेवा कुणाला न विचारता, कुणाला न सांगता बंद झाली. प्रकाशकांना ते कळले खिडकीवर पुडके परत मिळाल्यावर. पाच किलोंचे पार्सल करायचे तर खर्च दोनशेच्या पुढे जाई. पुष्कळ ओरड झाली आणि १ मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' आले. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोंना १०० रुपये, वर कर. दर वाजवी आहे आणि पुडक्याचा मागही काढता येतो, त्याबद्दल खात्याचे आभार मानले पाहिजेत. पण जाहिराती असलेले प्रकाशन त्यात चालत नाही. मराठी दिवाळी अंक उभा राहतो तो जाहिरातींवर. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांची ही परंपरा ज्ञानाच्या व्याख्येत बसली नाही.

असे निर्णय आता गुपचूप होऊ शकतात, याला कारण आहे. पत्राच्या आणि कार्डाच्या दराची कमाल मर्यादा १८९८च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेली होती. ती ओलांडायची तर सरकारला संसदेपुढे यावे लागे. जून २०२४मध्ये नवा कायदा लागू झाला आणि दर ठरवण्याचा अधिकार टपाल खात्याच्या महासंचालकांकडे गेला. पत्रांवरची पोस्टाची मक्तेदारीही कायद्यातून गेली. बाजारात उतरणाऱ्या खात्याला दर बदलायची मोकळीक हवी, हे आम्हांला मान्य आहे. पण ज्या सेवा बाजारासाठी नाहीतच, त्यांचे काय, याचे उत्तर नव्या कायद्यात सापडत नाही.

पोस्ट तोट्यात आहे, हे उत्तर लगेच येते. तोटा आहेच. २०१८-१९मध्ये तो १५ हजार कोटींच्या घरात गेला होता. खर्चाचा सर्वांत मोठा भाग पगार आणि निवृत्तिवेतन यांचा. देशातल्या दीड लाखाहून अधिक पोस्ट कचेऱ्यांपैकी दहातल्या नऊ खेड्यांत आहेत. तिथला ग्रामीण डाकसेवक दिवसाचे चार-पाच तास काम धरून मानधन घेतो आणि केंद्र सरकारच्या नियमित नोकराचे निवृत्तिवेतन त्याला नाही. एवढ्या काटकसरीनेही दोन पत्रांसाठी पाच मैल सायकल मारणे फायद्याचे कधीच होणार नाही. कुठलीही खासगी कुरियर कंपनी तिथे जात नाही, तीही याच कारणाने.

तोट्याकडे पाहण्याची नजर बंगळुरूत बसून तपासावी. शहरातल्या शहरात सामान पोचवणारी डन्झो ही कंपनी याच गावातली. २०२२-२३ या एका वर्षात तिचा तोटा १,८०१ कोटी होता आणि उत्पन्न सव्वादोनशे कोटींच्या आसपास. त्याला गुंतवणूक म्हणत. २०२५च्या सुरुवातीला तिचे अ‍ॅप बंद पडले. इथल्याच फ्लिपकार्टने २००७मध्ये पुस्तके विकून सुरुवात केली. फ्लिपकार्टसारख्या कंपन्या घर शोधतात ते सहा आकडी पिनकोडवर. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाला दिला टपाल खात्याने आणि त्याचे शिल्पकार होते कोकणातल्या केळशीचे संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर. या पिनकोडचे भाडे पोस्टाने कुणाकडून घेतलेले नाही, घेऊही नये. मात्र पोस्टाचा ताळेबंद मांडताना ही जमेची बाजू कुणी धरत नाही, याचा राग यावा अशीच गोष्ट आहे.

पोस्टाला नवे काही जमत नाही, हेही खरे नाही. अलसूरजवळच्या केंब्रिज लेआउटमध्ये देशातले पहिले त्रिमितीय छपाईचे पोस्ट उभे आहे. १,०२१ चौरस फुटांची ही इमारत दीड महिन्याच्या आत उभी राहिली. काँक्रीटचे थर एकावर एक चढत गेल्याच्या आडव्या रेघा तिच्या भिंतींवर स्पष्ट दिसतात. २०१९पासून बंगळुरूचे जीपीओ मोसमात शेतकऱ्यांचे आंबे पेटीने घरपोच करते. शेतकऱ्याला थेट गिऱ्हाईक मिळते आणि पोस्टाला भाडे. पार्सल, आंबे, बँकेची कामे यांत पोस्टाने खुशाल बाजारभाव घ्यावा, कुणाशीही टक्कर द्यावी. पत्रांचे मात्र तसे नाही. डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीने २०२५ संपता संपता पत्रे वाटणेच थांबवले. तिथे सरकारी पत्रव्यवहार बहुतेक संगणकावर होतो. आपल्याकडे कोर्टाची नोटीस, नोकरीचे नेमणूकपत्र, माहिती अधिकाराचा अर्ज अजून कागदावर चालतो, आणि हे कागद ज्यांच्या दारी जातात त्यांना परवडणारे दुसरे कुणी नाही.

तेव्हा हिशेब दोन वेगळ्या वह्यांत लिहावा. एकीत पोस्टाचा धंदा, त्याचा नफा-तोटा पोस्टाचा. दुसरीत नागरिकाचा हक्क: नोंदणीचे पत्र, पुस्तके आणि नियतकालिके, खेड्यातला बटवडा. या दुसऱ्या वहीची तूट अर्थसंकल्पात स्वतंत्र रकमेने दाखवावी, संसदेने ती मंजूर करावी आणि त्यातल्या कुठल्याही सेवेचा दर सभागृहाला विचारल्याशिवाय बदलू नये. हा पैसा आजही सरकारी तिजोरीतूनच जातो. फक्त तो कशासाठी जातो, हे न सांगता जातो.

महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात दोनच प्रश्न विचारावेत. घाई नसलेल्या नोंदणीपत्राला जुना, स्वस्त दर परत कधी मिळणार? आणि ज्ञान पोस्टात जाहिराती असलेल्या साहित्यिक नियतकालिकांना, दिवाळी अंकांना, जागा कधी देणार? वाचकांनीही आपापल्या खासदाराला हेच विचारावे, आणि पोस्टाने विचारावे.